पावसात टिकेल असा बोर्ड

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पाऊस गावागणिक बदलतो. माथेरानच्या डोंगरावर एक, उल्हास नदीच्या काठी दुसरा, बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीत तिसरा. पावसाचा रोजचा सरकारी आकडा मात्र सकाळी साडेआठ ते साडेआठ अशा चोवीस तासांचा असतो. शंभर मिलिमीटर दिवसभर संथपणे पडला की दोन तासांत कोसळला, हे त्यातून कळत नाही. डोंगरउताराच्या दृष्टीने नेमका तोच फरक महत्त्वाचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पर्जन्यमापकाने दरड थांबत नाही हे खरे. पण मिनिटामिनिटाची नोंद घेणारी ठिकाणे वाढली, तर धोक्याचा अंदाज बांधायला काही आधार तरी मिळतो.

याच पट्ट्यात कर्जतचे कोकण ज्ञानपीठ, कुंभिवलीचे विश्वनिकेतन, रसायनीचे पिल्लई एचओसी अशी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट लागतोच. बॅटरीवर चालणारा, पाऊस मोजून दूरवर कळवणारा छोटा संगणक हा त्यासाठी उत्तम विषय. पण अर्डुइनोसारखा तयार बोर्ड मिळत असताना स्वतःचा बोर्ड आखायचा कशाला?

बॅटरीचा हिशेब

अर्डुइनो उनो काही काम नसतानाही साधारण ५० मिलिअँपिअर वीज खातो. २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्यावर दोन दिवसांत संपते. आषाढात सलग आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा सौर पॅनलवर भिस्त ठेवता येत नाही. त्याच उनोवरची अ‍ॅटमेगा ३२८पी ही चिप एकटी घेतली आणि झोपवून ठेवली, तर तिला काही मायक्रोअँपिअर पुरतात. उरलेली वीज पिणारे भाग म्हणजे यूएसबीची चिप, दिवे आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. ते गाळायचे किंवा बदलायचे तर बोर्ड स्वतःच आखावा लागतो.

रेग्युलेटर निवडतानाच अनेक जण फसतात. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा एएमएस १११७ स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. शिवाय बाहेर ३.३ व्होल्ट हवे असतील, तर आत त्याहून साधारण एक व्होल्ट जास्त द्यावा लागतो. ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी इथे कमी पडते. दुकानात मिळाला म्हणून भाग घेण्याआधी त्याची डेटाशीट वाचायची सवय लागते ती अशा ठिकाणी.

एक थेंब, तीन नोंदी

पाऊस मोजायला दोन कप्प्यांची डोलती वाटी असते. एक कप्पा भरला की वाटी कलते. बऱ्याच मापकांत एक कल म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. वाटीवरचा चुंबक शेजारचा रीड स्विच क्षणभर मिटवतो आणि चिपला स्पंद मिळतो. पण स्विचचे पाते मिटताना थरथरते, त्यामुळे एका कलाच्या दोन-तीन नोंदी होऊ शकतात. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि प्रोग्रॅममधली काही मिलिसेकंदांची सबुरी यांनी हा दोष जातो. वायर लांब असेल तर विजेच्या कडकडाटात तिच्यातून झटका येतो. म्हणून टोकाशी संरक्षक डायोड लावायचा.

नोंद साठवण्यातही खोच आहे. अ‍ॅटमेगाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. दर मिनिटाला त्याच जागी लिहिले तर ती ६९ दिवसांत संपते, आणि पावसाळा चार महिन्यांचा. म्हणून जागा बदलत लिहायचे, किंवा वेगळी मेमरी चिप लावायची. संदेश पाठवायला लोरा हा कमी विजेचा, लांब पल्ल्याचा रेडिओ चालतो. त्याचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. अँटेना मात्र डोंगराआड लपता कामा नये.

कागदावरून तांब्यावर

आराखड्यासाठी किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ईसिमही मुक्त आहे. त्यात सर्किट आधी संगणकावर चालवून पाहता येते. मग १.६ मिलिमीटर जाडीच्या दुहेरी बोर्डावर ट्रॅक आखायचे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पॉवर पिनला अगदी खेटून, क्रिस्टल जवळ, आणि खालचा थर शक्यतो अखंड ग्राउंडचा.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. कर्जत लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. बोर्ड छापायला देण्याआधी आराखडा मूळ मापात कागदावर छापावा आणि आणलेले भाग त्यावर ठेवून पाहावेत. पिना जुळत नसतील, तर चूक तिथेच सापडते. तयार बोर्ड तपासताना आधी फक्त रेग्युलेटर जोडायचा, व्होल्टेज मोजायचे आणि मगच चिप बसवायची. शेवटी दमट हवेपासून वाचवणारा लेप द्यायचा. नाहीतर पाणी आणि वीज मिळून तांबे खातात.

आकाशात गेलेले बोर्ड

जागेची अट कडक झाली की विद्यार्थी किती दूर जातात, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. तो संदेश एका ठिकाणाहून घेऊन दुसरीकडे पोचवण्यासाठी होता. दिशा स्थिर राखायला त्यात विजेऐवजी चुंबकांचा आधार घेतला होता. २६ सप्टेंबर २०१६ ला आयआयटी मुंबईचा दहा किलोंचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणे हे त्याचे काम. अवकाशात रीसेटचे बटण दाबायला कोणी नसते. डोंगरावरच्या पर्जन्यमापकापाशीही मध्यरात्री कोणी नसते. म्हणून प्रोग्रॅम अडकला तर चिपला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर दोन्हीकडे हवा.

हे उपग्रह एका तुकडीचे नव्हते. 'प्रथम'ची सुरुवात २००७ ची, 'स्वयम्'ची २००८ ची. सुरू करणारे विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच गेले, तरी काम पुढच्यांनी उचलले.

कर्जत-खालापूरच्या बोर्डालाही हाच मार्ग धरावा लागेल. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट साधारण मे महिन्यापर्यंत तपासून होतात आणि पाऊस जूनमध्ये येतो. बनवणाऱ्यांचा बोर्ड त्यांच्या डोळ्यांदेखत कधी भिजतच नाही. तेव्हा काम तिसऱ्या वर्षीच सुरू करावे, किंवा आराखडा, भागांची यादी, प्रोग्रॅम आणि प्रत्येक भाग का निवडला याची टिपणे पुढच्या तुकडीच्या हवाली करावीत. सप्टेंबरअखेर तो बोर्ड डोंगरावरून उतरवला की काय गंजले आणि काय टिकले ते कळेल. त्यावरूनच दुसरा, अधिक चांगला बोर्ड आखता येईल.