लेझर नेमबाजी सराव (पिस्तूल)

लेझर साधनांच्या साहाय्याने केला जाणारा पिस्तूल नेमबाजीचा सराव हा 'कोरड्या सरावा'चा एक प्रकार आहे. काडतूस किंवा छर्रा न भरता पवित्रा घेणे, नेम धरणे व चाप ओढणे यास कोरडा सराव म्हणतात. तो घरीही करता येतो. मात्र गोळी कोठे लागली असती, हे त्यात कळत नाही. ही उणीव लेझर किरण भरून काढतो.

उद्देश

10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मि.मी., तर लक्ष्याच्या काळ्या भागाचा व्यास 59.5 मि.मी. असतो. नळीच्या टोकावरील माशी व मागील खाच यांत 33 सें.मी. अंतर धरल्यास, त्यांच्या जुळणीत 1 मि.मी. चूक झाली तरी छर्रा सुमारे 30 मि.मी. बाजूला, म्हणजे काळ्या भागाच्या कडेला लागतो. चाप ओढताना मनगट किंवा इतर बोटे आवळली गेल्याने ही चूक अनेकदा घडते. ती नेमकी केव्हा घडते, हे ओळखणे हा या सरावाचा मुख्य हेतू होय.

साधने

* लेझर काडतूस : हे खऱ्या काडतुसाच्या जागी बसवतात. फायरिंग पिनचा आघात होताच त्यातून क्षणभर किरण बाहेर पडतो.
* नळीवरील लेझर : हा नळीच्या तोंडाशी किंवा खाली बसवतात. चाप सुटल्याचे कंपन जाणवताच तो प्रकाशतो.
* लेझर पिस्तूल : यातून गोळी सुटूच शकत नाही. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून स्पर्धेसाठीही लेझर पिस्तूल वापरले जाते.
* मागोवा प्रणाली : 'स्कॅट'सारख्या प्रणाली चाप ओढण्यापूर्वी व नंतर नेम कसा सरकला, याची रेषा पडद्यावर दाखवतात.

किरणाची नोंद इलेक्ट्रॉनिक लक्ष्य किंवा मोबाइलचा कॅमेरा घेतो. जागा 5 मीटरच असल्यास लक्ष्याचा आकार साधारण निम्मा ठेवतात.

मर्यादा

लेझर सरावात गोळीचा धक्का व आवाज अनुभवास येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्यात सुवर्णपदक मिळवले, त्या 25 मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी 3 सेकंद मिळतात. तेथील धक्क्यानंतर हात सावरण्याचे कौशल्य प्रत्यक्ष गोळीबारानेच येते. शिवाय साधन चूक दाखवते, तिचे कारण सांगत नाही; त्यासाठी प्रशिक्षकाची आवश्यकता असते.

सुरक्षितता

खऱ्या शस्त्राने सराव करताना 'ते रिकामेच आहे' हे गृहीत धरणे सर्वांत धोकादायक असते. म्हणून सरावापूर्वी शस्त्र उघडून डोळ्यांनी व बोटाने तपासतात, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवतात आणि भक्कम भिंतीच्याच दिशेने नेम धरतात. सराव संपल्यावर 'आणखी एकदाच' म्हणून चाप ओढणे कटाक्षाने टाळावे. तोवर शस्त्र पुन्हा भरले गेलेले असू शकते. किरण डोळ्यांवर किंवा आरशावर पडू देऊ नये. भारतात शस्त्रांचा ताबा व वापर शस्त्र अधिनियम, 1959 नुसार नियंत्रित आहे.