आधी हवामान आणि माती, मग रोप

पावसाच्या पहिल्या सरी कोसळताच देशभरातील रोपवाटिकांमध्ये गर्दी होऊ लागते. घराच्या अंगणात, गृहसंकुलांच्या आवारात आणि शाळांच्या परिसरात मोठ्या हौसेने रोपे लावली जातात. पुढचा उन्हाळा सरेपर्यंत त्यांतील अनेक रोपे वाळून जातात आणि दोष पाण्याला, खताला किंवा अपुऱ्या निगेला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा चूक त्याआधीच, रोप निवडण्याच्या क्षणी झालेली असते. ज्या हवेत आणि ज्या मातीत ते रोप वाढायचे आहे, त्यांचा विचार न करता केवळ फुलांचा रंग पाहून ते घरी आणलेले असते.

रोपवाटिकेतील टवटवीतपणा बऱ्याच अंशी तेथील व्यवस्थेचा असतो. सावलीची जाळी, नारळाच्या भुशाचे हलके मिश्रण, वेळच्या वेळी मिळणारे पाणी आणि खत यांवर रोप पोसलेले असते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी वसलेला कडियम परिसर रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध असून तेथील रोपे ट्रकांनी देशाच्या कानाकोपऱ्यात जातात. दमट हवेत आणि गाळाच्या मातीच्या प्रदेशात वाढलेले तेच रोप ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत लावले, की त्याची खरी परीक्षा सुरू होते.

सरासरी नव्हे, टोकाचे तापमान

एखाद्या गावाचे वार्षिक सरासरी तापमान झाडाच्या दृष्टीने फारसे महत्त्वाचे नसते. वर्षातील सर्वांत थंड रात्र आणि सर्वांत तप्त दुपार झाडाचे भवितव्य ठरवते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि जानेवारीत काही रात्री तो ४ अंशांखाली उतरतो. मुंबईत हिवाळ्यातही तो सहसा १० अंशांखाली जात नाही. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर सहज वाढणारी पपई उत्तर भारतात दवगोठ्याने करपू शकते.

काही वनस्पतींना थंडी केवळ सोसायची नसते, ती त्यांची गरज असते. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात सुमारे ७ अंशांखालील थंडीचे हजार-बाराशे तास लागतात. म्हणूनच मैदानी प्रदेशात ही झाडे वाढली तरी फळत नाहीत. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील बागायतदार हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली ‘एचआरएमएन-९९’ ही कमी थंडीत फळणारी जात याच अडचणीवरील उत्तर होते. या कार्यासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हवामान बदलता येत नसेल, तर जात बदलावी, हा त्यातील बोध आहे.

ट्यूलिपचे उदाहरणही असेच आहे. श्रीनगरमध्ये झबरवान डोंगरांच्या पायथ्याशी २००७ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानात काश्मीरच्या हिवाळ्यामुळे ट्यूलिप बहरतात. दिल्लीतही फेब्रुवारीत ट्यूलिप फुलतात, परंतु ते परदेशातून आणलेल्या कंदांवर. आधी थंडावा दिलेल्या त्या कंदांना दिल्लीचा कडक उन्हाळा सोसत नाही. असा एका हंगामाचा सोहळा मोठ्या संस्थेला परवडतो. घरच्या बागेसाठी तो खर्चिक ठरतो.

तापमानाइतकेच महत्त्व हवेतील ओलाव्याला आणि पावसाच्या हंगामाला आहे. लव्हेंडर ही भूमध्य सागरी प्रदेशातील वनस्पती आहे. तिला कोरडा उन्हाळा आणि हिवाळी पाऊस यांची सवय असते. जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातील भद्रवाह परिसरात तिची शेती यशस्वी झाली आहे. मुंबई किंवा मंगळुरूच्या पावसाळ्यात मात्र तिची मुळे कुजतात. तेथे कितीही निगा राखली, तरी जून ते सप्टेंबरचा दमटपणा टाळता येत नाही.

मातीचा स्वभाव

हवामान आणि माती यांचा एकत्रित विचार करूनच भारताचे विभाग पाडण्यात आले आहेत. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने देशाची २० कृषी-पर्यावरणीय विभागांत मांडणी केली आहे. माती, पाऊस, तापमान आणि पिकांच्या वाढीला मिळणारा काळ हे त्या मांडणीचे आधार आहेत. शेतीसाठी केलेली ही विभागणी बागेलाही तितकीच लागू पडते.

मातीचा पहिला गुण म्हणजे सामू, अर्थात तिचा आम्ल-विम्ल निर्देशांक. ७ हा आकडा उदासीन मानला जातो. त्याखालील माती आम्लधर्मी, तर त्यावरील माती विम्लधर्मी असते. विदर्भ, मराठवाडा, माळवा आणि उत्तर कर्नाटकातील काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. कोकण, गोवा आणि मलबारमधील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. एक्झोरा आणि अनंत ही झुडपे जांभ्याच्या मातीत तजेलदार दिसतात. तीच चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लावल्यास कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह नसते असे नाही. विम्ल मातीत ते मुळांना शोषता येत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे हा दोष वाढत जातो. हायड्रेंजियाच्या फुलांवर तर सामूचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तिच्या रंगीत जाती आम्लधर्मी मातीत निळ्या आणि विम्लधर्मी मातीत गुलाबी फुलतात.

दुसरा गुण म्हणजे निचरा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्या भेगांमध्ये नाजूक मुळे तुटतात, तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात ती गुदमरतात. वालुकामय तांबड्या मातीत याउलट पाणी व अन्नद्रव्ये लवकर खाली निघून जातात. चिकणमातीत खड्डा खणून तो केवळ खताने आणि भुसभुशीत मातीने भरला, तर तो पावसाळ्यात हौदासारखा तुंबतो. अशा ठिकाणी जमिनीपासून एक-दीड फूट उंच वाफा करून त्यावर लागवड करणे अधिक हितावह ठरते.

शहरांमध्ये आणखी एक अडचण असते. नव्या इमारतीभोवतीची जमीन अनेकदा सिमेंट, चुना आणि विटांच्या राडारोड्याने भरलेली असते. त्यामुळे त्या प्रदेशाची मूळ माती कोणतीही असली, तरी आवारातील मातीचा सामू वाढलेला असू शकतो.

घरच्या घरी परीक्षा

मातीचा पोत जाणण्यासाठी पारदर्शक बरणीचा एक तृतीयांश भाग मातीने भरावा, वर पाणी घालून ती जोरात हलवावी आणि स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो आणि चिकणमातीचा थर तयार होण्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. थरांच्या जाडीवरून मातीची जात कळते. निचऱ्यासाठी एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा व पाणी जिरू द्यावे. पुन्हा भरल्यावर पातळी ताशी एक ते तीन इंच उतरल्यास निचरा चांगला समजावा. ती एक इंचापेक्षा कमी उतरत असेल, तर पाणी साचणे सोसणारी झाडे निवडावीत. सामू, क्षारता आणि अन्नद्रव्ये यांची नेमकी माहिती माती परीक्षण प्रयोगशाळेत मिळते. त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करता येते.

सर्वांत सोपी पाहणी मात्र परिसराचीच असते. जुन्या देवळाच्या, शाळेच्या किंवा रेल्वे वसाहतीच्या आवारात विशेष निगा न राखता अनेक वर्षे उभी असलेली झाडे त्या जागेची साक्ष देतात.

कोणत्या भागात काय?

काळ्या जमिनीत कडुनिंब, चिंच, करंज आणि बेल टिकतात. झुडपांमध्ये तगर, कण्हेर आणि बोगनवेल तेथे समाधानकारक वाढतात. कोकण, गोवा आणि केरळच्या जांभ्याच्या मातीत आंबा, काजू, फणस, कोकम, सुरंगी आणि बकुळ यांना तोड नाही. दक्षिण पठारावरील तांबड्या, हलक्या जमिनीत बहावा, सीताफळ, शेवगा आणि आवळा योग्य ठरतात. गंगेच्या मैदानातील गाळाच्या मातीत पारिजातक, मोगरा आणि जांभूळ चांगले वाढतात. जेथे भूजल खारे आहे, तेथे अर्जुन, करंज आणि कण्हेर यांचा विचार करावा. राजस्थानच्या मरुभूमीत शमी, म्हणजेच तेथील खेजडी, आणि रोहिडा हेच खरे मानकरी आहेत. किनाऱ्यावर खारे वारे सोसणारी उंडी, भेंड आणि नारळ ही झाडे उपयुक्त आहेत.

किनारी शहरांत मुळांच्या पकडीचाही विचार आवश्यक असतो. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ चक्रीवादळाने चेन्नईत हजारो झाडे उन्मळून पडली. त्यांत गुलमोहर आणि पीतमोहर यांसारख्या परदेशी, शोभेच्या झाडांची संख्या मोठी होती.

जुळणारे प्रत्येक झाड हितकारक नसते

झाड जागेशी जुळले म्हणजे निवड पूर्ण झाली असे नाही. काही वनस्पती नव्या प्रदेशाशी इतक्या जुळतात, की बागेची वेस ओलांडून जातात. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठी भारतात आली. आज ती हिमालयाच्या पायथ्यापासून निलगिरीपर्यंतच्या वनांत पसरली असून तिच्यामुळे वन्य प्राण्यांचा चारा घटला आहे. जलपर्णीही तिच्या जांभळट फुलांसाठीच आणली गेली होती आणि आता ती देशभरातील तळी व नद्या व्यापते. शहरांच्या रस्त्यांवर झपाट्याने लावल्या गेलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. न जुळणारे रोप मेले, तर नुकसान एका बागेचे होते. बेसुमार पसरणारे रोप जगले, तर त्याची किंमत संपूर्ण परिसर मोजतो. स्थानिक वनस्पतींना प्राधान्य देण्यामागे हेही कारण आहे.

लागवडीचा मुहूर्त

योग्य रोपालाही योग्य वेळ लागते. देशाच्या बहुतांश भागात नैर्ऋत्य मोसमी पावसाचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी. तमिळनाडूच्या किनारपट्टीवर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. त्यामुळे तेथे जूनपेक्षा सप्टेंबरअखेरीची लागवड सोयीची ठरते. काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागात पानगळीची फळझाडे हिवाळ्याच्या अखेरीस, कोंब फुटण्यापूर्वी लावतात.

खरेदी करताना फुलांनी लगडलेल्या मोठ्या रोपापेक्षा लहान, सशक्त रोप घ्यावे. पिशवीच्या तळाशी मुळांची गुंतवळ झालेले रोप टाळावे. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस ते अर्धवट सावलीत ठेवून हळूहळू उन्हाला सरावू द्यावे. कुंडीतील झाडांसाठी माती हवी तशी तयार करता येते, मात्र हवा तीच राहते. म्हणून गच्चीवरील बागेलाही हवामानाचा नियम लागू असतो. भुकटी गंधक घालून सामू उतरवणे किंवा चुना घालून तो वाढवणे शक्य असले, तरी हे उपाय वारंवार करावे लागतात आणि झाड तर अनेक दशके जगायचे असते.

यंदा रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आपल्या अंगणातील मूठभर माती भिजवून पाहावी, पाणी किती वेळात जिरते ते मोजावे आणि शेजारच्या जुन्या झाडांची नावे लिहून घ्यावीत. त्या यादीतून निवडलेल्या दोन-चार रोपांनाही पहिली दोन वर्षे पाणी आणि राखण लागेल. त्यानंतर बरेचसे काम माती आणि पाऊस मिळून करतील.