विश्लेषण : फेरीवाल्याला १५ हजारांचे कर्ज मिळते, पण जागेचे काय?

समजा, एका भाजीविक्रेतीने पहाटे ९०० रुपये उसने घेतले आणि संध्याकाळी १,००० परत केले. महिन्यातले २५ दिवस असे चालले, तर २,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. हे चक्र ‘पीएम स्वनिधी’ योजनेमुळे थांबेल का?

योजना काय आहे?
टाळेबंदीत धंदा बुडालेल्या फेरीवाल्यांसाठी केंद्राने १ जून २०२० रोजी ही योजना सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्जवाटपाला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. पहिले कर्ज १० हजारांवरून १५ हजार, दुसरे २५ हजार, तर तिसरे ५० हजारांपर्यंत. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर भरल्यास ७ टक्के व्याज अनुदान खात्यात येते.

फरक किती पडतो?
१५ हजारांवर वर्षाला १२ टक्के दर धरला, तर मासिक हप्ता साधारण १,३३३ रुपये. वर्षभराचे व्याज हजाराच्या आत. अनुदान मिळाले की तेही निम्म्याहून कमी होते.

कर्ज कोणाला मिळते?
पालिकेचे ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र असलेल्यांना. सर्वेक्षणात नाव सुटले असेल, तर पालिकेचे शिफारसपत्र चालते. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला हवा.

मग मेख कुठे आहे?
कर्ज म्हणजे परवाना नव्हे. कारवाईत गाडी उचलली गेली, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी सर्वेक्षण बंधनकारक आहे. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. जागांबाबत शिफारस करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच हवेत. मुंबईत सर्वेक्षण २०१४ मध्ये झाले. समितीची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले.

माल जप्त झाला तर?
जप्त मालाची यादी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. ठरलेले शुल्क भरून दावा केल्यास नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा.

थोडक्यात, स्वनिधीमुळे भांडवल स्वस्त होते. पण ते फिरवायला रोज त्याच कोपऱ्यावर गाडी लागली पाहिजे, आणि ती हमी बँक देऊ शकत नाही. ते काम पालिकेचे आहे.