एका बसमध्ये आठ जण

निगडीहून चाकणला निघालेली कंपनीची चाळीस सीटची बस भरली, की अधूनमधून तोंड येणारे साधारण आठ जण तिच्यात असतात. जगभरच्या पाहण्यांचा ढोबळ मेळ तसाच लागतो: पाचांतल्या एकाला हा त्रास पुन्हापुन्हा होतो.

आता शहराचा हिशेब मांडू. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. तिचा पाचवा हिस्सा ३ लाख ४५ हजार. एवढ्या माणसांनी गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम आठ-नऊ वेळा भरेल. प्रत्येकाचं तोंड वर्षातून एकदाच, दहा दिवस आलं असं धरलं, तरी कुठल्याही दुपारी साडेनऊ हजार लोक डबा उघडून भाजीच्या तिखटाला घाबरतात. पंधरा वर्षांत शहर केवढं फुगलं, आणि चाकण तर यात धरलेलंच नाही.

बहुतेकांचा फोड एक सेंटिमीटरहून लहान असतो, मध्ये पिवळट आणि कडेला लाल. एक-दोन आठवड्यांत तो मागे खूण न ठेवता जातो. दहांतल्या एखाद्याला मात्र मोठा, महिनाभर छळणारा येतो. हा फोड एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरात पेला वेगळा ठेवायची गरज नाही.

येतो कुणाला? सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते, चाळिशीनंतर जोर ओसरतो. बायकांमध्ये प्रमाण थोडं जास्त. आई-वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता फार वाढते. ताण, अपुरी झोप, दाताखाली चावलेला गाल, एवढं निमित्त पुरतं. ‘उष्णता झाली’ म्हणून आपण जाईचा पाला चावतो, तूप लावतो. पण वरचेवर तोंड येत असेल तर लोह, बी-१२ आणि फॉलिक अॅसिड तपासून घ्यावं. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय पाहणीतच दिसलंय. त्यांच्या फोडांना नुसती उष्णता म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

सिगारेट सोडल्यावर काहींचं तोंड येतं. ते थोड्या दिवसांचं असतं. तेवढ्यासाठी पुन्हा पेटवू नये.

आणि तंबाखूचा बार भरणाऱ्यांसाठी वेगळा आकडा आहे: तीन आठवडे. एकाच जागी तेवढे दिवस टिकलेली, कदाचित न दुखणारी, कडेला टणक लागणारी जखम त्या साडेनऊ हजारांतली समजू नये. ती वायसीएम रुग्णालयात किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात, सुट्टी टाकून दाखवावी.