लोगिस्मोस
लोगिस्मोस (अनेकवचन: लोगिस्मोई) हा 'विचार' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. 'मोजणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ 'गणना' किंवा 'हिशेब' असा होतो. आधुनिक ग्रीकमध्ये गणितातील कलनालाही हाच शब्द आहे. प्लेटोच्या लेखनात तो विवेकबुद्धीच्या व्यापारासाठी येतो. बायबलच्या नव्या करारात तो दोनदाच आढळतो.

इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला ख्रिस्ती तपस्वी इव्हाग्रियस पाँटिकस (मृत्यू इ.स. ३९९) याने शब्दाला वेगळे वळण दिले. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, विषाद, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व असे आठ लोगिस्मोई त्याने सांगितले. ते मनात येणे साधकाच्या हाती नसते. त्यांना थारा द्यावा की नाही, हे मात्र असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे जॉन कॅसियनच्या लॅटिन ग्रंथांत हेच आठ 'दुर्गुण' झाले आणि पोप पहिला ग्रेगरी याच्या फेरमांडणीतून सात महापापांची यादी आली. विचार आणि दोष यांतील अंतर या प्रवासात पुसट झाले.

त्यामुळे इव्हाग्रियसच्या संदर्भात 'पाप' हा प्रतिशब्द चुकीचा ठरतो. 'विचार' फारच निरुपद्रवी वाटतो, तर 'कुविचार' या शब्दात निवाडा आधीच दिलेला असतो. योगसूत्रांतील 'वितर्क' बराच जवळचा आहे. परंतु तेथे केलेली, करविलेली आणि अनुमोदन दिलेली हिंसाही वितर्कातच मोडते.