एकाच प्रतीचे वाङ्मय : माध्यमिक शाळांतील हस्तलिखिते आणि चित्रे

मराठी बालकुमार वाङ्मयाचे इतिहास बहुतांशी प्रौढांनी मुलांसाठी काय लिहिले याचे इतिहास आहेत. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले ‘आनंद’ किंवा बालभारतीने १९७१ पासून चालविलेले ‘किशोर’ यांची नोंद त्यांत साक्षेपाने घेतलेली असते. परंतु आठवी-नववी-दहावीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींनी स्वतः जे लिहिले आणि रंगविले, त्याच्या वाट्याला फार तर एखादे ‘वाचकांचे पान’ येते. याचे कारण उपेक्षा हे जसे आहे, तसे ते अगदी व्यावहारिकही आहे. हे वाङ्मय मुळात छापले जात नाही. ते शाळेच्या ग्रंथालयातील काचेच्या कपाटात, एकाच प्रतीत असते, आणि त्या कपाटाची किल्ली बहुधा सापडत नाही.

‘हस्तलिखित’ या शब्दाचा शाळेतील अर्थ संशोधकाच्या अर्थाहून वेगळा आहे. संशोधकाला त्यातून जुनी पोथी अभिप्रेत असते. शाळेत मात्र विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा हाताने लिहून, सजवून आणि बांधून तयार केलेल्या नियतकालिकाला हस्तलिखित म्हणतात. त्याच्या निर्मितीची रीत गावोगाव जवळपास सारखीच आढळते. वर्गावर्गांत सूचना फिरते, आलेले साहित्य मराठीचे शिक्षक निवडतात आणि तपासतात, वळणदार अक्षराची चार-पाच मुले ते आखलेल्या कागदांवर उतरवून काढतात, चित्रकलेत गती असलेली मुले शीर्षके, चौकटी आणि चित्रे करतात, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते फीत सोडवून त्याचे प्रकाशन होते. म्हणजे लिहिणारा, उतरवून घेणारा आणि चितारणारा असे तीन निरनिराळे हात एकाच पानावर काम करतात. जुन्या पोथ्यांच्या लेखनिकांविषयी अभ्यासक जे सांगतात, ते या पानांवरही पाहायला मिळते : मूळ मजकूर उतरताना बदलतो. पान संपत आले की अक्षर बारीक होत जाते, कधी एखादे कडवे गळते, तर कधी जागा उरली म्हणून तळाशी एक सुविचार येऊन बसतो. चित्रकाराने कविता वाचलेली असतेच असे नाही. कवितेतला पाऊस पत्र्यावर वाजत असतो, बादल्या-पातेली गळतीखाली मांडलेली असतात, आणि शेजारच्या चित्रात दोन डोंगरांच्या मधून हसरा सूर्य उगवत असतो.

यातील सारेच लेखन स्वतंत्र असते असा दावा कोणी करू नये. विनोद, कोडी आणि ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाची माहिती यांखाली विद्यार्थ्याच्या नावाआधी ‘संकलन’ हा शब्द लिहिलेला असतो, आणि तो पुष्कळदा कवितांखालीही लिहायला हवा होता असे वाटते. तरीही जे थोडे स्वतंत्र असते ते ओळखू येते, कारण त्यात तपशील चुकीच्या ठिकाणी आलेला असतो : आजीवरच्या लेखात मायेचे सर्व गुण सांगून झाल्यावर अचानक तिच्या तपकिरीच्या डबीचे झाकण कसे उघडत नाही याचे सविस्तर वर्णन येते. शिक्षकाने ते खोडले नसेल तर तो लेख वाचनीय होतो.

या रीतीचा सर्वांत मान्यवर पूर्वसूरी अमळनेरचा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या काळात त्यांनी मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालविले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. वार्षिक आणि दैनिक यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. वार्षिक हस्तलिखित हे प्रदर्शनाची वस्तू असते, म्हणून ते देखणे आणि बेतलेले होते; रोज निघणाऱ्या कागदाला ताजेपणावाचून गत्यंतर नसते. पुढील काळात शाळांनी गुरुजींचे नाव घेतले, पण दैनिकाऐवजी वार्षिकाचा मार्ग धरला. रोजच्या कागदाचा थोडाफार वारसा भित्तिपत्रकाकडे, म्हणजे भिंतीवर लावल्या जाणाऱ्या पाक्षिक-मासिक तक्त्याकडे आला, एवढेच म्हणता येईल.

चित्रांची कथा वेगळी आहे, कारण चित्रकलेला या राज्यात शासकीय परीक्षेचा आधार मिळाला आणि त्याबरोबर परीक्षेचे सर्व गुणदोषही मिळाले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. वसाहतकालीन चित्रशिक्षणाचा मुख्य हेतू कारागिरांचा हात आणि डोळा तयार करणे हा होता, आणि त्याची छाया शाळांतील ड्रॉइंगवर दीर्घकाळ राहिली. आज राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. दोन दिवस चालणाऱ्या या परीक्षांत समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढायचे वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, दिलेल्या विषयावर आठवणीतून रंगवायचे स्मरणचित्र, नक्षीकामाचे संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमधील श्रेणीनुसार दहावीच्या निकालात ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळण्याची तरतूद झाल्यापासून परीक्षेला बसणाऱ्यांत चित्रकलेची ओढ असलेले आणि गुणांची ओढ असलेले असे दोन वर्ग पडले आहेत.

या विषयांपैकी स्मरणचित्र हा सर्वांत बोलका प्रकार आहे. भाजीमंडई, बसस्थानक, दहीहंडी, सहल असे विषय. त्यांत माणसे हवीत, ती हालचाल करताना दिसावीत, जवळची मोठी आणि दूरची लहान असावीत, ही अपेक्षा. नावाप्रमाणे हे आठवणीतून यावे. प्रत्यक्षात ते पाठांतरातून येते. टोपली घेतलेली बाई, धोतर-टोपीतला म्हातारा, फुगेवाला आणि एक सायकल एवढा संच हातात बसला की विषय कोणताही आला तरी तीच माणसे मंडईतून उठून बसस्थानकावर जातात. त्यांतही पाठमोऱ्या आकृतींची संख्या लक्षणीय असते, कारण चेहरा आणि हाताचा पंजा ही नवशिक्याची दोन जुनी संकटे पाठमोऱ्या माणसात आपोआप टळतात. संकल्पचित्रात वारलीच्या मानवाकृतींची जी माळ हमखास दिसते तिचीही गत तीच. वारली स्त्रियांनी लग्नाच्या वेळी भिंतीवर लिहिलेला चौक आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकापासून कागदावर-कापडावर आणलेली गजबज यांच्याशी शाळकरी किनारीचा संबंध फक्त दोन त्रिकोणांपुरता उरतो.

दोष मुलांचा मानण्याचे कारण नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाच्या ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांत पौगंडावस्था ही कसोटीची पायरी आहे. लहान मूल आपल्याला ठाऊक असलेले काढते आणि त्यावर खूश असते. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी त्याला आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे कळू लागते, आणि हात डोळ्याच्या मागे पडल्याने अनेक जण चित्र काढणेच सोडून देतात. अशा वयात पाठ केलेली आकृती ही लाज झाकण्याची सोय ठरते. यावर मॅरियन रिचर्डसन या इंग्रज शिक्षिकेने डडली येथील मुलींच्या हायस्कुलात काढलेला उपाय येथील स्मरणचित्राच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. ती एखाद्या दृश्याचे शब्दांत वर्णन करी, मुली डोळे मिटून ते मनात उभे करीत आणि मग तेच रंगवीत. रॉजर फ्राय या समीक्षकाने १९१७ मध्ये लंडनमध्ये ही चित्रे प्रदर्शित केली. तेथे स्मरणाला शब्दांचा आधार होता. मराठी शाळेत चित्रकलेच्या तासाला भाषा आणि भाषेच्या तासाला चित्र क्वचितच डोकावते. दोन्ही विषय एकत्र येतात ते हस्तलिखिताच्या पानावर, आणि तेही एकमेकांना न भेटता.

भाषेच्या बाजूला रेखाकलेसारखी स्वतंत्र परीक्षा नाही, पण साचा तितकाच घट्ट आहे. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत कथालेखन, प्रसंगलेखन, आत्मवृत्त आणि वैचारिक लेखन यांना स्थान आहे. ही तरतूद कागदावर उदार दिसते. आत्मवृत्त म्हणजे निर्जीव वस्तूने किंवा एखाद्या व्यक्तीने स्वतःची कथा सांगणे, आणि या प्रकारात मराठीतील फाटकी पुस्तके, मोडक्या छत्र्या, पडके किल्ले आणि वठलेली झाडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच सुरात विलाप करीत आली आहेत. सुरुवातीला कोणीतरी हुंदका ऐकायचा, मध्ये वैभवाचे दिवस यायचे आणि शेवटी ‘आवाज एकाएकी बंद झाला’ असे व्हायचे, हा क्रम मोडणारी छत्री अजून लिहिली जायची आहे.

भाषेचा साचा सैल करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला उभारलेल्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या घरच्या बोलीला चुकीची भाषा न मानता तिच्यापासून प्रमाण मराठीकडे जाण्याचा आग्रह धरला गेला. सर्जनशील लेखनाच्या दृष्टीने ही गोष्ट तांत्रिक सुधारणेहून मोठी आहे, कारण हस्तलिखितातील संवाद जिथे मेंगळट होतो, तिथे बहुधा घरी ‘कुठं चाललास रं’ म्हणणारा बाप कागदावर ‘बाळा, तू कोठे निघालास?’ असे विचारत असतो.

अमेरिकेत १९२३ पासून दिल्या जाणाऱ्या स्कोलॅस्टिक पुरस्कारांत सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची चित्रे आणि लेखन एकाच छताखाली जोखले जाते. सिल्व्हिया प्लाथ आणि अँडी वॉरहॉल यांची नावे विजेत्यांच्या यादीत आढळतात. मात्र पुढे थोर झालेल्यांच्या यादीवरून शाळकरी कलेची किंमत ठरविण्यात एक फसगत आहे. जळगावला १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ती त्यांना इतकी चिकटली की अठ्ठाविसाव्या वर्षी झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतरही वाचकांनी त्यांना मोठे होऊ दिले नाही. पंधराव्या वर्षीचे लेखन हे पंधराव्या वर्षीचे म्हणूनच वाचायचे, तर त्यासाठी ते कपाटातून बाहेर यावे लागते.

अलीकडे अनेक शाळांची हस्तलिखिते संगणकावर जुळविली जातात आणि पीडीएफ होऊन पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. एका प्रतीच्या शेकडो प्रती झाल्या, आणि त्याबरोबर वळणदार अक्षराच्या मुलाचे काम संपले. त्याचे नाव श्रेयनामावलीत लेखक आणि चित्रकार यांच्यानंतर, ‘सुलेखन’ या शीर्षकाखाली यायचे. आता त्या जागी अक्षरजुळणी करणाऱ्या दुकानाचे नाव आणि मोबाइल क्रमांक असतो. जुन्या प्रतींत मात्र ओळ सरळ यावी म्हणून त्याने आखलेल्या पेन्सिलीच्या रेषा खोडरबरानंतरही पुसट राहिलेल्या दिसतात, आणि जिथे तो कंटाळला होता तिथे शाई बदललेली असते.