ट्रकच्या इंजिनातले वस्त्रगाळ तेल

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून त्याच्या सळया करतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. भंगार येते ट्रकने आणि सळया जातात त्याही ट्रकने. शिवाय अंबड-घनसावंगीकडची मोसंबी आहे, कापसाच्या गाठी आहेत, बियाण्यांची पोती आहेत. या भाड्यातून ट्रकमालकाच्या हाती काय उरते, ते त्याचे इंजिन किती वर्षे ‘कामाला येत नाही’ यावर पुष्कळसे ठरते. इंजिन कामाला आले म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे बदलणे आले. गाडी उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

इंजिन झिजते कशाने? धातूवर धातू घासून, असे आपण चटकन म्हणू. पण नीट चालणाऱ्या इंजिनात क्रँकचा दांडा बेअरिंगला टेकतच नाही. तो तेलाच्या एका अतिशय पातळ थरावर तरंगत फिरत असतो. हा थर काही थोड्या मायक्रॉनांचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता या थरात एखादा कण शिरला तर? थरापेक्षा खूप मोठा कण फटीत शिरूच शकत नाही. खूप बारीक कण तेलाबरोबर सुखरूप निघून जातो. घात करतो तो थराच्याच मापाचा कण. तो दोन्ही पृष्ठभागांना एकदम टेकतो आणि कानशीसारखा ओरखडत जातो.

असे कण येतात कोठून? उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीमागचा धुळीचा लोट पाहा. हवेच्या गाळणीतून निसटलेली थोडी धूळ सिलिंडरमार्गे तेलात उतरते. झिजलेल्या धातूचा कीस तेलातच असतो, आणि तो आणखी झीज करतो. शिवाय डिझेल जळताना काजळी होते. तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा काळे होते, ते या काजळीमुळे.

मग तेल गाळण्यासाठी गाळणी असतेच की! असते, पण ती असते चाळणीसारखी. पंपाने ढकललेले सारे तेल तिच्यातून जाऊन मगच बेअरिंगांना पोहोचते, म्हणून तिची छिद्रे फार बारीक करता येत नाहीत. बारीक केली तर तेल अडेल. डिसेंबरातल्या पहाटे तेल घट्ट असते, तेव्हा तर फारच अडेल. तेल अडले की बेअरिंग कोरडे पडून काही क्षणांत जळते. यासाठी गाळणीला एक सुटकेची झडपही ठेवलेली असते. गाळणी तुंबली की झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. कोरड्यापेक्षा मळके बरे, हा त्यामागचा हिशेब. नेहमीच्या गाळण्या सर्वसाधारणपणे वीस-तीस मायक्रॉनांवरचे कण धरतात. त्याहून लहान कण बरेचसे फिरत राहतात.

बारीक गाळण्याचा फायदा किती होतो? अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीतल्या संशोधकांनी १९८८ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. मुद्दाम धूळ घालून केलेल्या चाचण्यांत, ४० मायक्रॉनांच्या गाळणीच्या मानाने ३० मायक्रॉनांच्या गाळणीने झीज निम्म्याने कमी झाली, तर १५ मायक्रॉनांच्या गाळणीने ७० टक्क्यांनी.

चाळणीने भागत नाही तेव्हा वैद्य काय करतात? औषध वस्त्रगाळ करतात. इंजिनातले वस्त्रगाळ म्हणजे बायपास गाळणी. युक्ती साधी आहे. सगळे तेल बारीक गाळता येत नाही ना? मग थोडेच गाळा, पण सतत गाळा. पंपाच्या तेलातला पाच-दहा टक्के भाग एका बारीक छिद्रातून बाजूला काढायचा, दाबून बसवलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या जाड थरातून हळूहळू झिरपू द्यायचा आणि परत तेलाच्या चेंबरमध्ये सोडायचा. हे तेल बेअरिंगांकडे जातच नाही, त्यामुळे ते कितीही सावकाश झिरपले तरी बिघडत नाही.

गणित करून पाहू. चेंबरमध्ये १६ लिटर तेल आहे, पंप मिनिटाला ८० लिटर ढकलतो आणि त्यातला ५ टक्के भाग, म्हणजे ४ लिटर, बायपासला जातो असे धरा. चार मिनिटांत १६ लिटर गाळले गेले, म्हणजे सारे तेल स्वच्छ झाले का? नाही! गाळलेले तेल मळक्यातच मिसळत असते. गाळणी प्रत्येक कण धरते आणि नवी घाण येत नाही असे मानले तरी चार मिनिटांनी सुमारे ३७ टक्के घाण उरते, आठ मिनिटांनी १४ टक्क्यांच्या आसपास आणि बारा मिनिटांनी ५ टक्के. जालन्याहून मुंबईला जाईपर्यंत अशी किती आवर्तने होतील, ते तुम्हीच काढा.

ही कल्पना नवी नाही. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी ‘प्युरोलेटर’ ही तेलगाळणी काढली, ती बायपास पद्धतीचीच होती. पुढे सगळे तेल गाळणाऱ्या गाळण्या आल्या आणि बायपास मागे पडली. अमेरिकेत फ्रँट्झ नावाच्या बायपास गाळणीत तर चक्क शौचालयातल्या कागदाची गुंडाळी घालत. हसू नका, गुंडाळीच्या कडेने तेल झिरपवण्याची कल्पना मुळीच वेडगळ नव्हती.

काजळीचे प्रकरण मात्र अवघड आहे. तिचा सुटा कण मायक्रॉनच्याही शेकडा तीन-पाच भागांएवढाच असतो. त्याला छिद्रात अडकवणे जवळजवळ अशक्य. त्याचे पुंजके होतात तेव्हाच ते सापडतात. म्हणून काही मोठ्या इंजिनांना केंद्रोत्सारी गाळणी लावतात. तेलाच्याच दाबाने तिच्यातले भांडे गरगर फिरते आणि जड काजळी कडेला चिकटून थर बनते. ताक घुसळणे नव्हे, साय वेगळी काढणारे डेअरीतले यंत्र आठवा.

बायपास बसवली की तेल बदलायलाच नको, असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यापासून सावध राहा. गाळणी कण धरते; तेलात मिसळलेले डिझेल ती काढत नाही, आणि आम्ल मारण्यासाठी तेलात घातलेली द्रव्ये संपली की ती भरूनही देत नाही. शिवाय जादा नळ्या आणि जोड आले. एखादी नळी फुटली तर सारे तेल रस्त्यावर! अमेरिकेत आयडाहो इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून आठ डिझेल बसगाड्यांना अशा गाळण्या लावून पाहिल्या. तिथे तेल किलोमीटर मोजून बदलत नसत. ठराविक अंतराने नमुना तपासत आणि तेल खराब ठरले तरच बदलत. असे केल्याने तेलाची मोठी बचत झाली. खरी बचत गाळणी आणि तपासणी या जोडीची आहे.

आणि प्रश्न पैशाचाच नाही. काढलेले काळे तेल जाते कुठे? नियमाप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. गॅरेजच्या मागे ओतले तर ते पावसाबरोबर ओढ्याला आणि विहिरीला मिळते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात प्यायचे पाणी टँकरने पोहोचवावे लागले होते (ते टँकरही डिझेलचेच). अशा मुलखात एक विहीर नासणे ही लहान गोष्ट नाही.

तेलाची एक सोपी तपासणी शाळेतही होते. गॅरेजमधून गाडीच्या तेलाचे दोन-तीन थेंब मागून आणा. हातमोजे घाला, वापरलेले तेल कातडीला अपायकारक असते. गाळणकागदावर एक थेंब टाका, कागद अधांतरी आडवा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. डाग मधून कडेपर्यंत एकसारखा करडा पसरला असेल, तर काजळी सुटी ठेवणारी द्रव्ये अजून काम करीत आहेत. मध्ये काळाकुट्ट ठिपका, त्याची कड रेखीव आणि बाहेर नुसते पिवळट वलय असेल, तर काजळीचे पुंजके झाले आहेत. कागदावर गाडीने तोडलेले किलोमीटर लिहून ठेवा आणि महिन्याने त्याच गाडीचा दुसरा थेंब शेजारी टाका.